अठ्ठेचाळीसच्या बॅटरीला साठचा चार्जर

गोव्यातल्या माशेलहून मामीचा फोन आला तो सकाळी साडेसहाला. "अगो बाय, गाडीच्या चार्जरचो दिवो रातभर तांबडो-पाचवो, तांबडो-पाचवो करता. हांवें प्लग काडून दवरला. तुजो मामा म्हणटा, तशेंच आसता." (पाचवो म्हणजे हिरवा.) असं कधीच नसतं, हे मला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. गेली अठरा वर्षं मी आयटीआयच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पण माझ्या मामाला शिकवायचं काम व्हॉट्सॲपने केव्हाच हातात घेतलंय.

झालं होतं असं. मामाच्या विजेच्या स्कूटरचा चार्जर आषाढातल्या पावसात भिजून बंद पडला. नवा यायला आठवडा होता. शेजाऱ्यांच्या स्कूटरचा चार्जर होता, प्लग तोच, बसला बरोबर. त्यावर ६० लिहिलेलं, मामाच्या बॅटरीवर ४८. एरवी मामाने मला विचारलं असतं. पण दोनच दिवसांपूर्वी त्याच्या भजनाच्या ग्रुपवर 'बॅटरीची ७ गुपितं, जी कंपन्या लपवतात' आली होती, खाली 'एक निवृत्त शास्त्रज्ञ' अशी सही. हे शास्त्रज्ञ कुठून निवृत्त झाले ते लिहिलेलं नाही. शास्त्रातून झाले असावेत.

ती सात गुपितं आधी थोडक्यात सांगते, म्हणजे मी कशावर चिडलेय ते कळेल. एक, व्होल्ट म्हणजे ताकद, जास्त व्होल्टची बॅटरी जास्त चालते. दोन, चार्जर नेहमी एक पायरी वरचा लावावा, ४८ला ६०चा, अर्ध्या वेळात चार्ज होतो. तीन, मीटरवर १२ दिसले की गाडीची बॅटरी ठणठणीत, दुकानदार उगाच बदलायला लावतात. चार, १२ व्होल्टने माणसाला काहीही होत नाही, म्हणून लाईट गेलेली असताना, घर इन्व्हर्टरवर असताना, वायरिंगची कामं बिनधास्त करावीत. पाच, रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असतात, म्हणजे कंपनीने प्रत्येक सेलमागे ०.३ व्होल्ट चोरले. सहा, बॅटरी सिमेंटच्या लादीवर ठेवली की जमीन करंट खेचून घेते. सात, लॅपटॉपचा २० व्होल्टचा सी-टाईप चार्जर मोबाईलला लावला तर मोबाईल जळतो.

दुसऱ्या आणि सातव्याकडे जरा एकदम बघा. दुसऱ्यात जास्त व्होल्ट लावा म्हणजे फायदा, सातव्यात जास्त व्होल्ट लावाल तर जळेल. एकाच मेसेजमध्ये, पाच ओळींच्या अंतराने. आणि गंमत म्हणजे दोन्ही चूक.

दुसऱ्यापासूनच सुरुवात करते, कारण तेच मामाच्या सोप्यावर, म्हणजे ओसरीवर, रात्रभर चालू होतं.

बॅटरीवर ४८ लिहिलेलं असतं ते तिचं नाव आहे. माप नव्हे. मामाच्या बॅटरीत लिथियमच्या सेलच्या तेरा ओळी एकापुढे एक जोडलेल्या आहेत. लिथियमच्या या प्रकारच्या एका सेलचं सर्वसाधारण व्होल्टेज ३.६ ते ३.७, आणि काठोकाठ भरल्यावर ४.२. तेरा गुणिले ४.२ म्हणजे ५४.६. म्हणून तिच्या मूळ चार्जरच्या पाठीवर, बारीक अक्षरात, '५४.६ व्होल्ट, ३ अँपिअर' असं छापलेलं आहे. (अँपिअर म्हणजे किती करंट वाहतो त्याचं माप.) शेजाऱ्यांचा चार्जर मी हातात घेऊन वाचला: '६७.२ व्होल्ट, ५ अँपिअर'. त्यांच्या बॅटरीत सोळा ओळी आहेत, सोळा गुणिले ४.२, हिशोब चोख. आता हे ६७.२ तेरा ओळींत वाटा. प्रत्येक सेलला ५.१७ व्होल्ट येतात. जिथे ४.२ची हद्द आहे तिथे ५.१७.

चार्जिंग कसं होतं ते मला मिठागरावरून समजावणं सोपं वाटतं, पेडण्यातल्या आगरवाड्याची माझी मुलं लगेच पकडतात. भरतीचं पाणी आगरात घ्यायचं तर बाहेरचं पाणी आतल्यापेक्षा थोडं वर पाहिजे, नाहीतर ते मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत येणारच नाही. चार्जरही बॅटरीपेक्षा थोडा वर असावा लागतो, इथपर्यंत निवृत्त शास्त्रज्ञ बरोबर आहेत. पण आगरात किती पाणी मावतं हे बांध ठरवतो, भरती नाही. बांधाच्या वर पाणी चढलं तर आगर लवकर भरत नाही, बांध फुटतो.

लिथियमच्या सेलमध्ये बांध फुटतो म्हणजे नेमकं काय होतं? ४.२च्या वर ढकलत राहिलं की सेलच्या एका बाजूच्या ग्राफाइटमध्ये शिरायला जागा न उरलेलं लिथियम त्याच्या पृष्ठभागावर धातू म्हणून साचायला लागतं. दुसऱ्या बाजूचं ऑक्साइड अस्थिर होऊन ऑक्सिजन सोडतं. मधला द्रव फुटून वायू होतो, सेल फुगतो. हा द्रव पेट घेणारा असतो, आणि त्याला लागणारा ऑक्सिजन आता घरचाच. एक सेल तापला की त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो. अशी आग पाण्याने चटकन विझत नाही आणि जिन्याखाली किंवा दाराच्या तोंडाशी गाडी लावलेली असली तर बाहेर पडायची वाटही तीच असते. मामाच्या सोप्यावर स्कूटर नेमकी दाराला टेकून उभी होती. आत मामी होती.

"पण झालं काय? काहीच नाही!" हे मामाचं म्हणणं. "उलट लवकर चार्ज झाली."

काही झालं नाही ते बॅटरीतल्या बीएमएसमुळे, म्हणजे बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिममुळे. ही एक तळहाताएवढी पाटी असते, ती प्रत्येक ओळीचं व्होल्टेज बघत बसते आणि एखादी ओळ हद्दीबाहेर गेली की रस्ता तोडते. तोडल्यावर सेल जरा निवतात, व्होल्टेज किंचित उतरतं, पाटी रस्ता पुन्हा जोडते, चार्जर पुन्हा धक्का देतो, पाटी पुन्हा तोडते. तांबडो-पाचवो, तांबडो-पाचवो. मामीने रात्रभर पाहिला तो दिवा म्हणजे ही झटापट होती. बीएमएस ही शेवटची कडी असते, रोजची नव्हे. रोज चार्जिंग थांबवायचं काम योग्य व्होल्टेजच्या चार्जरचं. घराचा फ्यूज आहे म्हणून कोणी रोज शॉर्ट करत नाही.

ज्यांना माझ्यासारख्या मास्तरणीवर विश्वास नाही त्यांनी एआयएस-१५६ वाचावं. दुचाकी आणि तिचाकी विजेच्या वाहनांसाठीचं हे आपल्या देशाचं मानक, पुण्याच्या एआरएआय या वाहनं तपासणाऱ्या संस्थेकडून निघतं. २०२२च्या उन्हाळ्यात स्कूटरना लागोपाठ आगी लागल्या, त्यानंतर त्यात कडक दुरुस्ती झाली. तिचा पहिला टप्पा १ डिसेंबर २०२२ला लागू झाला, दुसरा ३१ मार्च २०२३ला. त्यात जादा चार्जिंगची एक चाचणी आहे. बॅटरी मुद्दाम भरून झाल्यावरही चार्ज करत राहायची आणि बघायचं, ती स्वतःहून थांबते का. गळती, स्फोट, आग यातलं काहीही झालं तर नापास. ही चाचणी प्रयोगशाळेत होते, बंदोबस्तात, एकदा. मामाने ती आपल्या सोप्यावर केली, आणि दुसऱ्या रात्रीही करणार होता.

आता 'लवकर चार्ज झाली' याबद्दल. झाली, कबूल करते, थोडं नाखुशीने. पण ती ६० मुळे नाही. शेजाऱ्यांचा चार्जर ५ अँपिअरचा, मामाचा ३चा. मामाची बॅटरी २४ अँपिअर-तासांची, म्हणजे १ अँपिअरने २४ तास पुरणारी. ३ने भागा, आठ तास. ५ने भागा, पाच तासांच्या आत. वेग अँपिअरने आला, श्रेय व्होल्टने घेतलं. घाईच असेल तर बॅटरी बनवणाऱ्याने चालतो म्हटलेला, ५४.६चाच पण जास्त अँपिअरचा चार्जर घ्यावा. आणि लेड-ॲसिडची चार बॅटऱ्यांवाली जुनी स्कूटर असेल तर तिलाही ही पायरी नकोच. पाच बॅटऱ्यांचा चार्जर चारांवर लावला की प्रत्येकीच्या वाट्याला १४ ऐवजी १८च्या आसपास व्होल्ट येतात. आतलं पाणी फुटून हायड्रोजन होतो, आणि हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगीला पुरतो. सीलबंद बॅटरीत तर पाणी परत घालायचीही सोय नाही.

त्या एआयएस-१५६ मानकात आणखी एक ओळ आहे, ती मला फार आवडते. डीसी ६० व्होल्टच्या वर गेलं की ते 'उच्च व्होल्टेज', म्हणजे स्पर्शापासून संरक्षणाचे नियम लागू. आता शेजाऱ्यांची ६०ची बॅटरी पूर्ण भरल्यावर किती? ६७.२. लेबलवर सीमेवर उभी, प्रत्यक्षात सीमेपलीकडे. नाव आणि माप यातला फरक याहून चांगला कुठे दिसणार?

आता चौथं गुपित. दुसऱ्याने घर जळू शकतं, चौथ्याने सरळ माणूस जाईल. हे लिहिणाऱ्याने आयुष्यात कधी इन्व्हर्टर उघडून पाहिलेला नाही हे शपथेवर सांगते.

घर इन्व्हर्टरवर असताना भिंतीतल्या वायरीत १२ व्होल्ट नसतात. २३० असतात, एसी, लाईट असतानाइतकेच. नाहीतर तुमचा पंखा आणि टीव्ही चालला कसा असता? १२ व्होल्ट फक्त बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्या मधल्या हातभर वायरीत. पटत नसेल तर त्या वायरीची जाडी बघा. ४६० वॅटचा भार चालवायला २३० व्होल्टला २ अँपिअर पुरतात, म्हणून भिंतीतली वायर बारीक. तेच ४६० वॅट १२ व्होल्टमधून काढायचे तर जवळजवळ ४० अँपिअर लागतात, म्हणून बॅटरीची वायर बोटाएवढी. या दोन वायरी शेजारी धरल्या की सगळं गुपित उघडं पडतं.

यात गोव्याचा धोका वेगळाच आहे. पावसाळ्यात आपल्याकडे करंट किती वेळा जातो ते सांगायला नको, आणि चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीचे आठ दिवस घरोघरी कोणीतरी स्टुलावर चढलेला असतोच: मखराचे दिवे, माटोळीवरचा (गणपतीच्या वर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीवरचा) बल्ब, अंगणातली माळ. करंट गेला म्हणून मेन बंद करायची गरज नाही असं समजून हात घातला, आणि ती लाईन इन्व्हर्टरवर असली, तर ओल्या पायाने २३० व्होल्ट. नुसता मेन पाडूनही भागत नाही. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं करंट गेला, आणि तो इमानाने घराला वीज द्यायला लागतो. दोन्ही बंद करा आणि टेस्टरने बघा. मग चढा.

'१२ व्होल्टने काहीही होत नाही' यातला अर्धा भाग खरा आहे. कोरड्या हातांनी कारच्या बॅटरीची दोन्ही टोकं धरली तर शॉक बसत नाही, कातडीचा अडथळा पुरतो. पण धातूला कातडी नसते. शिकाऊ असताना, वास्कोला एका ट्रॉलरवर, मी पॉझिटिव्ह टोक सैल करत होते आणि पान्याचं दुसरं टोक बोटीच्या लोखंडाला टेकलं. ठो असा आवाज, पांढरा उजेड, पाना जागच्या जागी चिकटला आणि त्याला चिमटीएवढा खळगा पडला. त्या बॅटरीला शॉर्टमध्ये हजारावर अँपिअर द्यायला काही लागत नाही. हातात अंगठी किंवा धातूचं घड्याळ असतं तर तो खळगा बोटाला पडला असता. तेव्हापासून माझ्या वर्गात नियम: अंगठी काढून ठेवा, निगेटिव्ह आधी सोडा, निगेटिव्ह शेवटी जोडा.

आणि कमी व्होल्ट म्हणजे निरुपद्रवी असं ज्यांना वाटतं त्यांनी रिमोटमधला चपटा गोल सेल बघावा, सीआर२०३२. फक्त ३ व्होल्ट, २० मिलिमीटर रुंद. पोराने गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओल्या पेशींतून करंट वाहतो, तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांत गंभीर भाजतं. 'संपलेला' सेलसुद्धा हे करू शकतो. संशय आला तरी थांबू नका, सरळ हॉस्पिटल. उलटी करवू नका.

राहिलेली गुपितं पटापट.

मीटरवर १२ दिसले की बॅटरी ठणठणीत, हे ऐकून माझी दुसऱ्या वर्षाची मुलं हसतील. लेड-ॲसिडच्या एका सेलचे सुमारे २.१ व्होल्ट, सहा सेल, म्हणजे भरलेली बॅटरी काही तास निवल्यावर १२.६ दाखवते. १२.४ला पाऊण, १२.२ला अर्धी. बरोबर १२.० दाखवणारी बॅटरी जेमतेम पाव भरलेली असते, काही वेळा तेवढीही नाही. गाडी चालू असताना मोजाल तर १३.८ ते १४.४ दिसेल, तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर चालून बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा आकडा, बॅटरीचा नाही. आणि १२.६ दाखवणारीही स्टार्टर फिरवताना धाडकन ९च्या खाली गेली तर ती गेलेलीच. दुकानदार कधीकधी उगाच बदलायला लावतात, हे मात्र खरं आहे, माझ्याही बाबतीत झालंय. पण त्यावर उपाय भार देऊन तपासणं, मीटरवर १२ बघून समाधान मानणं नव्हे.

व्होल्ट म्हणजे ताकद? मग टॉर्चचा मोठा १.५ व्होल्टचा सेल आणि जुन्या रेडिओतली ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी शेजारी ठेवा. चांगल्या अल्कलाइन प्रकारात त्या मोठ्या सेलमध्ये चौकोनीपेक्षा तीन-चार पट ऊर्जा असते. चौकोनीत दीड-दीड व्होल्टचे सहा चिमुकले सेल कोंबलेले असतात, एवढंच. किती चालेल हे बघायचं तर व्होल्ट गुणिले अँपिअर-तास, म्हणजे वॅट-तास बघा. विजेच्या कार ३००-४०० व्होल्टवर आणि काही ८००वर चालतात त्याचं कारण ताकदीची हौस नसून वायर आहे: तेवढंच काम कमी करंटमध्ये, बारीक तांब्यात. बोटाएवढ्या वायरीचाच हिशोब. आणि त्या कारमध्येही दिवे, कुलपं आणि हॉर्नसाठी एक १२ची बॅटरी बहुतेक असतेच.

०.३ व्होल्टची चोरी: सेलचं व्होल्टेज रसायन ठरवतं. जस्त आणि मँगनीजचे १.५, निकेलचे १.२. कंपनीच्या मालकाने ठरवलं तरी ते बदलत नाही. शिवाय दीडचा सेल वापरायला लागल्यावर अर्ध्या आयुष्यात १.२वर येतोच, निकेलचा मात्र बराच वेळ तिथेच टिकून राहतो. एखाद्या यंत्राचा बॅटरी दाखवणारा काटा फसतो, तेवढीच अडचण.

सिमेंटची लादी: पूर्वी बॅटऱ्यांच्या पेट्या लाकडाच्या आणि नंतर कडक रबराच्या असत, ओल झिरपत असे, तेव्हा यात तथ्य होतं. आता पेटी प्लास्टिकची. करंट झिरपतो तो वरच्या झाकणावर साचलेल्या ओलसर, आंबट मळातून, आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत तो मळ लवकर साचतो. झाकण पुसा, लादीला दोष देऊ नका.

सी-टाईप: चार्जर २०ने सुरुवात करत नाही. तो आधी ५ देतो, मोबाईल आणि चार्जर एकमेकांशी बोलतात, आणि मोबाईलने मागितलं तरच ९, १५, २० असा वर जातो. मोबाईलने मागितलंच नाही तर ५वरच राहतो. मामाच्या स्कूटरच्या आणि शेजाऱ्यांच्या चार्जरमध्ये असं काही बोलणं होत नव्हतं. प्लग एकसारखा, पण दोघे मुके. सातव्या गुपितातली भीती दुसऱ्या गुपितात घातली असती तर मेसेज निदान अर्धा बरोबर झाला असता.

रविवारी मी माशेलला गेले. देवकीकृष्णाच्या देवळातून मामा परत येईपर्यंत दोन्ही चार्जरना पांढरी पट्टी चिकटवली आणि मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं: एकावर ५४.६, दुसऱ्यावर ६७.२. बॅटरीवरही ५४.६. शेजाऱ्यांचा चार्जर त्यांना परत दिला. स्कूटर दारापासून उचलून माडाच्या बाजूच्या पत्र्याखाली नेली.

मामाने पट्ट्या वाचल्या, चष्मा वर केला आणि विचारलं, "अगो, मगे ५५ चलता काय?"

इन्व्हर्टरचं त्याला अजून पटलेलं नाही. मामीने स्टूल माजघरात कुलपात ठेवलंय.